नाकातील विषाणूजन्य लिम्फोमा : औषधाआधी निदानाचा प्रश्न

जबलपूर शहराच्या दक्षिणेस नर्मदेच्या काठी असलेला ग्वारीघाट मराठी परिक्रमावासीयांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. घाटाजवळच त्याच नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. एकेकाळी येथून नॅरोगेजची गाडी नैनपूर, बालाघाट करीत महाराष्ट्रातील गोंदियाला जात असे. २०१५ मध्ये जबलपूर ते नैनपूर या टप्प्यावरील ही सेवा थांबवण्यात आली आणि पुढे संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज झाला. महाकोशलातील रुग्णाने उपचारासाठी नागपूर गाठावे, ही रीत मात्र या बदलांपेक्षा जुनी आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. राज्ये वेगळी झाली तरी दुखणे बळावले की दक्षिणेकडची गाडी धरायची, ही सवय कायम राहिली.

कर्करोगाच्या रुग्णांची ही वणवण कमी व्हावी या हेतूने केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे सुरू करण्याची घोषणा केली. त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षी उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी शेकडो किलोमीटर प्रवास करणाऱ्या कुटुंबांसाठी ही योजना निश्चितच मोलाची आहे. तथापि, ज्या रुग्णाचे निदान झालेले आहे आणि ज्याच्या उपचारांचा आराखडा ठरलेला आहे, त्याचीच सोय अशा केंद्रात होऊ शकते. काही कर्करोगांत खरी लढाई त्याच्या आधीच जिंकली किंवा हरली जाते. एपस्टीन-बार विषाणूशी निगडित असलेला नाकातील लिम्फोमा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तो दुर्मिळ आहे; परंतु त्याच्या निदानाच्या मार्गात जे अडथळे येतात, ते जबलपूरपासून गडचिरोलीपर्यंतच्या आरोग्यव्यवस्थेत सर्वत्र आढळणारे आहेत.

या आजाराचे वैद्यकीय नाव एक्स्ट्रानोडल एनके/टी-सेल लिम्फोमा असे आहे. लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग. तो सहसा मान, काख किंवा जांघेतील गाठींमध्ये सुरू होतो. येथे मात्र आरंभ नाकाच्या पोकळीत, सायनसमध्ये किंवा टाळूच्या वरच्या भागात होतो. सुरुवातीची लक्षणे अगदी साधी असतात. एक नाकपुडी चोंदते, अधूनमधून घोळणा फुटतो, दुर्गंधीयुक्त स्राव येतो, गालावर सूज दिसते. सर्दी, सायनसचा दाह किंवा नाकाचे वाढलेले हाड समजून प्रतिजैविकांचे दोन-तीन कोर्स दिले जातात. काही रुग्णांत पुढे नाकाचा पडदा झडू लागतो आणि टाळूला भोक पडून पाणी पिताना ते नाकातून बाहेर येऊ लागते. त्या टप्प्यावर रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो.

चेहऱ्याचा मध्यभाग पोखरणाऱ्या या विकाराचे वर्णन स्कॉटिश डॉक्टर पीटर मॅकब्राइड यांनी १८९७ मध्ये केले होते. (योगायोग असा, की मुंबई इलाख्यातील प्लेगच्या पार्श्वभूमीवर साथरोग कायदाही त्याच वर्षी आला. या कायद्याचा संबंध पुढे येणार आहे.) त्यानंतर अनेक दशके हा विकार ‘लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा’, म्हणजे मध्यरेषेवरील प्राणघातक ग्रॅन्युलोमा, या नावाने ओळखला जात होता. हा कर्करोग आहे की जंतुसंसर्ग, की शरीराने स्वतःवरच केलेला हल्ला, यावर वैद्यकशास्त्रात एकमत नव्हते. १९९० मध्ये जपानी संशोधकांनी अशा रुग्णांच्या गाठींतील पेशींत एपस्टीन-बार विषाणू सापडल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले आणि चित्र स्पष्ट होत गेले. २०२२ मध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात या आजाराच्या नावातील ‘नाकाचा प्रकार’ हे शब्द वगळण्यात आले आहेत, कारण तो त्वचा, आतडे आणि वृषण येथेही आढळतो. नाक हे मात्र अजूनही त्याचे प्रमुख ठिकाण आहे.

एपस्टीन-बार विषाणूचा शोध १९६४ मध्ये अँथनी एपस्टीन, इव्हॉन बार आणि बर्ट अॅचॉन्ग यांनी लावला. आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींमध्ये तो प्रथम दिसला. मानवात कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू होय. एपस्टीन यांचे फेब्रुवारी २०२४ मध्ये निधन झाले, तोवर जगभरात या विषाणूशी अनेक आजारांचा संबंध प्रस्थापित झाला होता. तो लाळेतून पसरतो. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो आणि भारतासारख्या देशात बहुतेकांना तो बालपणीच, कळूनही न येता, गाठतो. त्यानंतर तो बी-पेशींत आयुष्यभर निपचित पडून राहतो. फारच थोड्या व्यक्तींत तो एनके किंवा टी-पेशींमध्ये शिरतो आणि त्यांच्या अनिर्बंध वाढीस हातभार लावतो. असे नेमके कोणात आणि का होते, याचे पूर्ण उत्तर मिळालेले नाही. पूर्व आशियात आणि पेरू, मेक्सिको, ग्वाटेमाला या देशांत हा आजार अधिक आढळतो, त्यामुळे आनुवंशिक घटकांकडे संशोधकांचे लक्ष आहे. भारतात त्याचे प्रमाण तुलनेने कमी आहे.

एक व्यावहारिक बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे. रक्तात या विषाणूविरुद्धची जुनी प्रतिपिंडे आढळली म्हणून कर्करोग आहे असे मुळीच होत नाही. ती जवळजवळ प्रत्येक प्रौढात आढळतात. अशी चाचणी करून घेण्यात रुग्णाचे पैसे जातात आणि मनस्ताप पदरी पडतो. निदानाला आधार मिळतो तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे गाठीच्या तुकड्यातील पेशींत विषाणूची खूण शोधणारी विशेष तपासणी, आणि दुसरी म्हणजे रक्तद्रवातील विषाणूच्या डीएनएचे मोजमाप. उपचारांना प्रतिसाद मिळतो आहे की नाही, हेही या दुसऱ्या मोजमापावरून समजते.

काळ्या बुरशीची सावली

मध्य भारतात या निदानाला २०२१ नंतर एक वेगळेच वळण मिळाले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने थैमान घातले. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. त्याच वर्षी जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. महाराष्ट्रात रुग्णसंख्या सर्वाधिक होती. मध्य प्रदेशातही इंदूर, भोपाळ आणि जबलपूर येथील रुग्णालयांत या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडावे लागले.

त्या काही महिन्यांत कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातील काळी पडलेली, मृत झालेली ऊती जितकी पाहिली, तितकी कदाचित संपूर्ण कारकिर्दीत पाहिली नसेल. त्यातून एक दक्षता निर्माण झाली आणि तिने अनेकांचे डोळे व प्राण वाचवले, हे मान्य केले पाहिजे. मात्र प्रत्येक काळी ऊती बुरशीची नसते. म्युकरची बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते आणि पुढची ऊती सडते. हा लिम्फोमाही रक्तवाहिन्यांभोवती व त्यांच्या भिंतींत पसरतो आणि परिणाम तोच होतो. स्कॅनमध्ये दोन्हींत सायनस भरलेले आणि हाड झिजलेले दिसू शकते. दुर्बिणीतून पाहणाऱ्या डॉक्टरलाही दोन्हींत साधारण तेच दिसते.

फरक कळतो तो केवळ तुकडा तपासल्यावर, आणि तेथेही अडचण आहे. वरवरचा तुकडा काढला तर त्यात बहुधा मृत ऊती आणि दाहाच्या पेशीच मिळतात. अहवालात ‘अविशिष्ट दाह’ असे लिहून येते. मृत ऊतीवर नंतर येऊन बसलेले जंतू किंवा बुरशीचे एखाद-दुसरे तंतू दिसले, तर चुकीच्या निदानावर शिक्कामोर्तबच होते. जिवंत ऊतीपर्यंत पोहोचणारा खोल तुकडा घेणे, तो पुरेसा नसेल तर पुन्हा घेणे, आणि पॅथॉलॉजिस्टला ‘लिम्फोमाची शंका’ असे स्पष्ट कळवणे, या तीन साध्या कृतींवर पुढचे सारे अवलंबून असते. दुसऱ्या वा तिसऱ्या बायोप्सीनंतर निदान झाल्याची उदाहरणे जगभरच्या वैद्यकीय साहित्यात विपुल आहेत. रुग्णाच्या दृष्टीने पुन्हा तुकडा काढणे म्हणजे डॉक्टरांची चूक वाटते. प्रत्यक्षात या आजारात ते सावधपणाचे लक्षण आहे.

चुकीच्या निदानाची किंमत केवळ वेळेत मोजता येत नाही. बुरशीवर दिले जाणारे अॅम्फोटेरिसिन-बी हे मूत्रपिंडावर भार टाकणारे औषध आहे. जून २०२१ मध्ये जबलपूर, इंदूर आणि सागर येथे या इंजेक्शननंतर अनेक रुग्णांना हुडहुडी, ताप आणि उलट्यांचा त्रास झाल्याच्या घटना गाजल्या होत्या. ज्याला खरोखर बुरशी आहे त्याने हा धोका पत्करायलाच हवा. ज्याला लिम्फोमा आहे त्याचे मूत्रपिंड मात्र केमोथेरपीसाठी शाबूत राहणे गरजेचे असते, कारण या आजारात वापरल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा निचरा मूत्रपिंडातूनच होतो.

ताप उतरत नाही तेव्हा

या लिम्फोमाची सर्वांत भयावह गुंतागुंत नाकात नसून संपूर्ण शरीरात घडते. तिचे नाव हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, संक्षेपाने एचएलएच. नाव अवघड असले तरी त्यामागील प्रक्रिया समजण्यासारखी आहे. शरीरात विषाणू शिरला की संरक्षक पेशी त्याने बाधित झालेल्या पेशींचा नाश करतात आणि काम संपल्यावर शांत होतात. एचएलएचमध्ये हे शांत होणे घडत नाही. चेतवणारी रसायने सतत स्रवत राहतात, भक्षक पेशी बेभान होतात आणि अस्थिमज्जेतील स्वतःच्याच तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट गिळू लागतात. ज्या एनके पेशींनी हा गोंधळ आवरायचा, त्याच येथे विषाणूने बाधित आणि कर्करोगग्रस्त असतात. त्यामुळे या लिम्फोमात एचएलएचचा धोका इतर अनेक लिम्फोमांपेक्षा अधिक असतो आणि तो उद्भवल्यास बहुतेक रुग्णांचे उरलेले आयुष्य आठवडे किंवा महिने यांतच मोजावे लागते.

१९५२ मध्ये फार्कर आणि क्लेरो यांनी लहान मुलांतील आनुवंशिक स्वरूपात याचे वर्णन केले. १९७९ मध्ये विषाणूसंसर्गामुळे मोठ्यांनाही असाच विकार होतो, हे रिझडॉल व सहकाऱ्यांनी दाखवले. सध्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या २००४ च्या निकषांनुसार आठपैकी पाच गोष्टी आढळल्यास एचएलएचचे निदान होते. ताप, वाढलेली प्लीहा, घटलेल्या रक्तपेशी, वाढलेले ट्रायग्लिसराइड किंवा घटलेले फायब्रिनोजेन, आणि ५०० पेक्षा जास्त फेरिटिन या त्यांतील प्रमुख होत. यांपैकी बहुतेक तपासण्या जिल्ह्याच्या पातळीवर होऊ शकतात. फेरिटिन ही तर लोहाचा साठा मोजणारी, कोणत्याही मध्यम दर्जाच्या प्रयोगशाळेत होणारी साधी रक्तचाचणी आहे. ५०० चा आकडा अनेक संसर्गांत ओलांडला जातो हे खरे. पण तो कित्येक हजारांत गेला आणि त्याच वेळी प्लेटलेट घसरत असतील, तर कारण शोधण्यास एक दिवसाचाही विलंब परवडत नाही.

जबलपूर किंवा विदर्भातील डॉक्टरसमोर पावसाळ्यात ताप, घटलेल्या प्लेटलेट आणि वाढलेली प्लीहा असलेला रुग्ण आला, तर मनात पहिला विचार लिम्फोमाचा येणार नाही आणि येऊही नये. डेंगी, मलेरिया, विषमज्वर, क्षयरोग, स्क्रब टायफस अशी मोठी यादी त्याच्यापुढे असते. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भात स्क्रब टायफसचा उद्रेक होऊन रुग्ण दगावले होते. यांतील अनेक आजार स्वतःच एचएलएच घडवून आणू शकतात. स्क्रब टायफसमुळे झालेला एचएलएच डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने आटोक्यात येऊ शकतो. क्षयरोगामुळे झाला असल्यास क्षयाचे उपचार लागतात. लिम्फोमामुळे झाला असल्यास कर्करोगाचे उपचार तातडीने सुरू न केल्यास रुग्ण हाती लागत नाही. रक्ताच्या अहवालांत तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. म्हणून एचएलएच या निदानापाशी थांबणे म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणे होय. तो कशामुळे झाला, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर काही वेळा सहा महिन्यांपूर्वी चोंदलेल्या एका नाकपुडीत दडलेले असते. तापाच्या कक्षातील फिजिशियन आणि पलीकडच्या इमारतीतील कान-नाक-घसा विभाग यांचा संवाद झाला नाही, तर हा दुवा जुळत नाही.

आता स्टेरॉइडविषयी, कारण या विषयातील सर्वांत अवघड निर्णय त्याच्याशी निगडित आहे. एचएलएचचा भडका शमवण्यासाठी डेक्सामेथासोन आणि एटोपोसाइड ही औषधे दिली जातात. अत्यवस्थ रुग्णात ती थांबवून ठेवता येत नाहीत. मात्र स्टेरॉइडमुळे लिम्फोमाच्या पेशी काही काळ विरतात. त्यानंतर घेतलेल्या तुकड्यात कर्करोग सापडत नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी तो अधिक जोमाने परततो. दुसरीकडे, रुग्णाला बुरशी असेल तर तेच स्टेरॉइड बुरशीला मोकळे रान देते. २०२१ मध्ये मधुमेह आणि स्टेरॉइडचा अनिर्बंध वापर यांनी काय घडवले, हे देशाने पाहिले आहे. ताप येतो, अंगात त्राण नाही, म्हणून गावातील डॉक्टरने दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन रुग्णाला दोन दिवस बरे वाटायला लावते आणि तज्ज्ञाच्या हातातील पुरावा मात्र पुसून टाकते. शक्य असेल तेथे आधी तुकडा, मग स्टेरॉइड हा क्रम पाळणे आणि तो पाळणे शक्य नसेल तर निदान त्याच दिवशी दोन्ही करणे, ही तज्ज्ञांची शिफारस त्यामुळेच आहे. या शिफारशीला यंत्रसामग्री लागत नाही. मात्र रात्री-अपरात्री बायोप्सी करू शकणारा सर्जन उपलब्ध असावा लागतो, आणि जिल्हा पातळीवर नेमकी याच मनुष्यबळाची वानवा आहे.

उपचार आहेत, पण वेगळे आहेत

लिम्फोमावर देशभरात सर्वाधिक वापरली जाणारी ‘चॉप’ नावाची चार औषधांची केमोथेरपी या प्रकारात फारशी उपयोगी पडत नाही. या पेशींत औषध बाहेर ढकलणारे एक प्रथिन असते. त्यामुळे ‘लिम्फोमा’ एवढेच निदान करून नेहमीचे उपचार सुरू केले, तर ते निष्फळ ठरण्याची शक्यता मोठी आहे. येथे उपयोगी पडते ते एल-अॅस्पॅराजिनेज हे औषध. अॅस्पॅराजिन नावाचे द्रव्य या कर्कपेशींना स्वतः पुरेसे बनवता येत नाही आणि औषध रक्तातील त्याचा साठा संपवते, त्यामुळे पेशींची उपासमार होते. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात हे औषध अनेक दशकांपासून वापरात आहे. आजार नाकापुरता मर्यादित असताना ५० ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रेचे किरणोपचार आणि अॅस्पॅराजिनेजयुक्त केमोथेरपी यांच्या जोडीने पाच वर्षांनंतर सुमारे ७० टक्के रुग्ण हयात असल्याचे आशियातील अनुभव सांगतात. आजार शरीरभर पसरल्यावर हे प्रमाण झपाट्याने खाली येते. ‘प्राणघातक’ हे विशेषण लागलेल्या आजाराच्या दृष्टीने सुरुवातीच्या टप्प्यातील हे यश कमी नाही.

औषधाच्या गुणवत्तेचा प्रश्न मात्र भारतात गंभीरपणे घ्यावा लागेल. देशात तयार होणाऱ्या अॅस्पॅराजिनेजच्या काही नमुन्यांत औषधाची क्रियाशीलता अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखवून दिले आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम’ या ब्रिटिश शोधपत्रकारिता संस्थेनेही निकृष्ट दर्जाचे अॅस्पॅराजिनेज अनेक देशांत पोहोचत असल्याचे वृत्त दिले. हे औषध रक्तात किती काळ क्रियाशील राहते, याची चाचणी उपलब्ध आहे. परंतु ती मोजक्याच केंद्रांत होते. बाटलीवरील किमतीपेक्षा बाटलीतील औषध चालते की नाही, याची खात्री रुग्णासाठी अधिक महत्त्वाची आहे. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने कर्करोगावरील औषधांची सामूहिक खरेदी करून किमती लक्षणीयरीत्या खाली आणल्या. गुणवत्ता तपासणीची सामूहिक व्यवस्था हे त्यापुढील स्वाभाविक पाऊल ठरू शकते.

आजार उलटल्यास प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करणारी पीडी-१ रोधक औषधे उपयोगी पडू शकतात, हे २०१७ पासून पुढे आले आहे. पहिल्या अहवालातील सातही रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅबचा प्रतिसाद मिळाला होता. संख्या लहान असली तरी पर्याय संपलेल्या रुग्णांसाठी ती आशादायक होती. या औषधांची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२२ मध्ये डोके व मानेच्या कर्करोगात याच गटातील निव्होलुमॅब अत्यल्प मात्रेत, तीन आठवड्यांतून एकदा केवळ २० मिलिग्रॅम, देऊन चांगले परिणाम मिळवले. तो अभ्यास या लिम्फोमावर नव्हता, त्यामुळे त्याचा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. दुर्मिळ आजारावर अशी मोठी चाचणी घेण्यासाठी रुग्ण एकत्र आणावे लागतात आणि त्यासाठी आधी ते मोजले गेले पाहिजेत.

मोजणीची स्थिती समाधानकारक नाही. भोपाळ आणि नागपूर येथे लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी केंद्रे आहेत. मात्र राष्ट्रीय अहवालांतील मुख्य तक्त्यांत हा आजार ‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा’ या एकाच रकान्यात इतर डझनावारी प्रकारांबरोबर मिसळून जातो. ज्यांचे निदान झालेच नाही, जे काळी बुरशी किंवा अज्ञात ताप म्हणून दगावले, ते तर या रकान्यातही येत नाहीत. त्यामुळे ‘भारतात हा आजार दुर्मिळ आहे’ या विधानात तथ्य असले, तरी त्याचा काही भाग न शोधण्यातूनही आलेला असू शकतो.

खर्चाच्या बाजूनेही निदान हाच कच्चा दुवा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. मध्य प्रदेशातील लाभार्थी महाराष्ट्रातील संलग्न रुग्णालयातही हे कार्ड वापरू शकतो. ग्वारीघाटच्या रुग्णाला नागपुरात उपचार घेण्यास यामुळे राज्याची सीमा आड येत नाही. पण बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या योजनेत येत नाहीत आणि भरती होण्यापूर्वीच्या केवळ तीन दिवसांच्या खर्चाचा त्यात समावेश आहे. या लिम्फोमात निदानापूर्वीचा काळ आठवड्यांचा, कधी महिन्यांचा असतो. त्या काळातील स्कॅन, दुर्बिणीची तपासणी, पहिली बायोप्सी, दुसरी बायोप्सी आणि त्यावरील महागड्या रंजक तपासण्या, हे सर्व कुटुंबाच्या खिशातून जाते. उपचारांचे पॅकेज मंजूर होण्यासाठी निदान हवे आणि निदानासाठी पैसे हवेत, अशी ही कोंडी आहे. अनेक कुटुंबे याच टप्प्यावर थांबतात किंवा झाडपाल्याकडे वळतात.

जबलपूरपुरते बोलायचे तर पाया अगदीच कच्चा नाही. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे आणि आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. केंद्राच्या कार्यक्रमांतर्गत तेथे राज्य कर्करोग संस्था मंजूर झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्यविषयक संशोधन संस्था १९८४ पासून याच शहरात असून तिच्याकडे विषाणू निदानाची प्रयोगशाळा आहे. जानेवारी २०२० मध्ये कोविडच्या तपासणीसाठी देश पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेवर विसंबून होता. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआर यंत्रे पोहोचली. एपस्टीन-बार विषाणूचा डीएनए मोजण्याचे तंत्रही त्याच जातीचे आहे. साथीच्या काळात उभी राहिलेली ही यंत्रे आज कोणत्या कामासाठी वापरली जात आहेत, याचा आढावा राज्यांनी घेतल्यास एक महत्त्वाची तपासणी रुग्णाच्या जवळ आणता येईल. पॅथॉलॉजीतील विशेष रंजक तपासण्यांबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. त्यांसाठी प्रशिक्षित नजर लागते आणि ती यंत्राबरोबर खरेदी करता येत नाही.

या अडचणीवर एक उपाय जुना आणि स्वस्त आहे. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवला की तो वर्षानुवर्षे टिकतो. त्याला शीतपेटी लागत नाही की रुग्णवाहिकाही. ताप असलेला, प्लेटलेट घसरलेला रुग्ण जबलपूरहून मुंबईपर्यंत नेणे जोखमीचे आहे. त्याचा मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या कुरिअरने दोन-तीन दिवसांत पोहोचू शकतात. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडच्या ३०० हून अधिक सदस्य संस्थांमध्ये तज्ज्ञांचा सल्ला दूरस्थ बैठकांतून मिळण्याची सोय आहे. अर्थसंकल्पात घोषित झालेल्या प्रत्येक डे-केअर केंद्राला अशा संस्थेशी औपचारिकरीत्या जोडले आणि संदर्भ तपासणीचा खर्च योजनेत समाविष्ट केला, तर केंद्राचे काम केवळ सलाइन लावण्यापुरते उरणार नाही.

तोपर्यंत रुग्णाच्या नातेवाइकांनी एक गोष्ट आवर्जून करावी, असे कर्करोगतज्ज्ञ सांगतात. रुग्णालयातून बाहेर पडताना केवळ अहवालाचा कागद न घेता मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. पुढच्या रुग्णालयात त्या नसतील, तर पहिला प्रश्न त्यांच्याविषयीच विचारला जातो आणि गोंदियाची गाडी पकडून कुणाला तरी पुन्हा जबलपूरला परतावे लागते.